तीन पावसाळ्यांचा बांबू

अण्णामामा गेल्याचं कळलं तेव्हा नामांतराच्या आंदोलनामुळे एसट्या बंद होत्या. परभणीहून सोनपेठला मी पोहोचले ती तिसऱ्या दिवशी. खरं सांगायचं तर उशीर झाल्याचं मला बरंच वाटलं... मामांच्या चेहऱ्याकडे पाहावं लागलं नाही.

मामा तिथल्या शाळेत खेळाचे शिक्षक. मुलींना तिरंदाजी शिकवायचे. सामान सगळं घरी केलेलं. बांबू वर्षभर चुलीच्या धुरात वाळवून त्याचं धनुष्य. सुटलेल्या दोरीनं कातडी सोलू नये म्हणून डाव्या हाताला जुन्या चपलेच्या कातड्याची पट्टी, दोरी ओढणाऱ्या बोटांना तसलाच लहान तुकडा. बाण वाटेत डुलू नये म्हणून त्याच्या शेपटाला तीन पिसं. कडब्याच्या पेंढ्या आवळून बांधल्या की झालं निशाण. मी सुट्टीत जायचे. इंग्रजी शाळेतली, म्हणून मामा मला मॅडम म्हणायचे. "मॅडम, तुमच्या पुस्तकात याला काय बी म्हणू द्या. बाण लावल्याबिगर दोरी सोडायची न्हाई, एवढं ध्यानात ठेवा." का, असं मी विचारलं. "बाण असला तर जोर तो घेऊन जातो. नसला तर जोर जाईल कुठं? धनुष्यातच शिरतो अन् त्यालाच फोडतो."

नववीच्या सुट्टीत एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मुलींसमोर मला लाज वाटायची, म्हणून कपाटाच्या आरशापुढे मी मामांचं धनुष्य घेऊन उभी राहिले. आपण कशा दिसतो ते पाहायचं होतं. दोरी ओठांपर्यंत ओढली... आणि सोडली. बाण नव्हता. कट् असा बारीक आवाज झाला. मुठीच्या वर केसासारखी चीर पडली होती. ती बाजू भिंतीकडे करून मी धनुष्य खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मामांनी ते ओढलं, आणि मोडलेला तुकडा त्यांच्या भुवईवर बसला. चार टाके पडले. मी बाण धरून शेजारीच उभी होते. रुमालानं रक्त दाबत मामा मुलींना म्हणाले, "बांबू कच्चा राह्यला. घाई माझीच झाली."

त्यानंतर तीन पावसाळे गेल्याशिवाय ते बांबूला हात लावीनात. जुनी दोन धनुष्यं आणि बारा मुली. नंबर लागेना म्हणून निम्म्या सोडून गेल्या. नखानं वाजवून बांबू ओळखणारा तो माणूस मला विचारायचा, "मॅडम, तुमाला काय वाटतंय, वाळला का?" मी म्हणायचे, "मला काय कळतं, मामा."

तेराव्याला सुमन आली होती. ती त्यांची विद्यार्थिनी, आता त्याच मैदानावर मुलींना शिकवते. मामीला सांगत होती, "सर भुवई दाखवायचे अन् म्हणायचे, घाई केली की असं होतंय बघा. आमी बी तीन वर्षं थांबतो." मामी रडता रडता हसली. मी चहाचे कप गोळा करू लागले.

निघताना मामीनं मला चुलीपाशी नेलं. वर आढ्याला बांबू टांगलेले, प्रत्येकावर खडूनं मामांच्या अक्षरात महिना आणि साल. "हे अजून दोन पावसाळे न्हाई निघायचे," मामी म्हणाली. "तवर धूर देत ऱ्हाते." घरात गॅस आहे, ती एकटी आहे, तरी रोज चूल पेटवते.

रविवारची पुरवणी सुमन मामीला वाचून दाखवते, म्हणून इथे लिहिते आहे. मामी, तो बांबू कच्चा नव्हता. मामांचा हात चुकला नव्हता. धनुष्य मी फोडलं होतं. सुमन, मागच्या वर्षीचे बांबू उतरव.