कांद्याच्या गोणीची गाठ आणि माझं पॅराशूट

टपरीवरच्या मंडळींनो, रामराम! दिल्या, तू मोठ्यानं वाच, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

आज इथं हिमाचलात मी झाडाला लटकलो. घाबरू नका, नानांनीच लटकवलं. नाना म्हणजे आपल्या विंचूरचे, फौजेतून सुटलेले. आता इथं पॅराग्लायडिंग शिकवतात.

उद्या माझं पहिलं उड्डाण हाय. हवेत मोठं छत्र मिटलं, तर जवळचं छोटं पॅराशूट फेकायचं. उडताना बसायच्या हार्नेसला ते आज मीच बसवलं. मधेच पडायला नको म्हणून त्याच्या पिशवीच्या तोंडाला गोणीसारखी सुतळीची गाठ मारली. लय पक्की!

नानांनी मला हार्नेससकट फांदीला टांगलं. म्हणाले, "समज, छत्र मिटलं. ओढ!"

मी पॅराशूटची मूठ ओढतोय, ओढतोय. पिशवी काय उघडंना.

"अरे गड्या, कांदा पाठवायचाय का ट्रकनं? हे निघालंच नाय, तर तुझ्या आईला काय सांगू मी?"

शिकायला आलेले सगळे हसले. मी मात्र वर लटकून अजून मूठच ओढत होतो.

मग गाठ सोडली. नानांनी दाखवलं तशी नुसती पिन अडकवली, मूठ ओढली की सुटते ती. परत लटकलो, ओढलं, फेकलं. पॅराशूट थेट खाली डाळ शिजवणाऱ्या आचाऱ्याच्या पातेल्यावर! मी आनंदानं असा ओरडलो की आचारीपण शिव्या विसरला.

खरं सांगा, तुम्हीपण गाठच मारली असती ना?

आणि आईला लटकल्याचं सांगू नका. पॅराशूट निघालं, एवढंच सांगा.