गुलाबांसाठी सहा फुटी चर

सालवडच्या आमच्या चाळीत मी दोन दिवस खुनी म्हणून राहिलो. दोन्ही दिवस जेवण मात्र वेळेवर केलं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दसरा उलटल्यावर कुमुद, म्हणजे आमची बायको, आठवड्यासाठी शिरगावला माहेरी गेली. जाताना बजावून गेली, की माहेरून आणलेल्या चार गावठी गुलाबांची छाटणी करा, मुळं उघडी करून ऊन दाखवा आणि थंडी पडायच्या आत मासळीचं खत घाला. त्या झाडांवर तिचा इतका जीव, की घराला आग लागली असती तर तिने आधी त्यांना बाहेर काढलं असतं (झाडं बाहेरच होती, तरीही).

कसं करायचं ते विचारण्याची माझी पद्धत नव्हती. चौथ्या दिवशी कामाला लागलो. छाटता छाटता चार काठ्या उरल्या. चार खड्डे कोण खणणार, म्हणून भिंतीलगत चारही झाडांच्या मुळांशी एकच सहा फुटी चर खणला. बाजारातून स्वस्त मासळीची अख्खी गोणी आणून चरात ओतली, माती लोटली, वर सढळ हाताने पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी ऑक्टोबरच्या उन्हात असा वास सुटला, की थेट मनोरच्या हायवेवर ट्रकवाल्यांनी काचा वर केल्या. सालवडची समस्त कुत्री जमून चर उकरू लागली. मी काठी घेऊन, खुर्ची टाकून राखणीला बसलो. तेच अंगलट आलं.

शेजारच्या राऊतवहिनींनी खिडकीतून विचारलं, "भावजी, कुमुद दिसत नाय ती?"

"माहेरी गेलीय."

"मला बोलली नाय." त्यांनी डोळ्यांनीच चर मोजला. "तिची उंची किती हो?"

संध्याकाळी समोरचा यादव आला. "भाईसाहब, झगड़ा तो हर घर में होता है," एवढंच म्हणून माझा खांदा थोपटून गेला. नळावर बायका मला आपणहून पुढे जाऊ देऊ लागल्या. वास सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी चाळ फावडी घेऊन दारात. चर उकरू द्या, नाहीतर पोलिसांना बोलावतो, असं त्यांचं ठरलं होतं. मुळं दुखावतील म्हणून मी नको म्हणालो, तेव्हा कुणाच्याच मनात शंका उरली नाही.

पहिलं फावडं पडलं आणि कुमुद पिशवी घेऊन अंगणात आली. राऊतवहिनी तिच्या गळ्यात पडून रडल्या. मी सुटलो.

कुमुद मात्र गर्दीतून वाट काढत काठ्यांपाशी गेली. त्या काळ्या पडू लागल्या होत्या. तिने उकरलेल्या मातीतला एक मासा उचलून बोटाने चोळला. तिच्या वडिलांच्या वाडीत खताला बिनमिठाची सुकी मासळी घालतात. मी आणली होती खायची, खारवलेली. गुलाबांच्या मुळाशी गोणीभर मीठ गेलं होतं.

"वहिनी," ती शांतपणे म्हणाली, "तुमचा संशय खरा होता. खून झालाय. एक नाही, चार."

राऊतवहिनी माझी माफी मागायला पुढे आल्या होत्या. त्या तशाच मागे फिरल्या.