फिदेलिनाबाईंचा फ्लान आणि घरातला उंदीर

आमच्या बानी गावात फिदेलिनाबाईंच्या फ्लानला तोड नाही. अंड्यादुधाचा, पाकात न्हालेला, बशी हलली की थुलथुलणारा. बाईंना दुसरा कसला गर्व नाही, पण फ्लानवरून बोललात तर खैर नाही. आणि नेमकी त्यांची सांतो दोमिंगो शहरातली विहीण उर्सुलिना बोलली. फ्रिजमध्ये दगड झालेल्या फ्लानवर चमचा खणकन वाजला तशी म्हणाली, "विहीणबाई, हा खायचा की फोडायचा? रविवारी नातीच्या बाप्तिस्म्याला मी आपला विकतचा केक आणते."

बाईंनी फ्रिजशी युद्धच पुकारलं. थंडीचं बटण चारवरून एकवर आणलं. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहिला, रबर घट्ट. तरी फ्रिज घरघरतोच आहे! अंडी तडकली, दूध गोठलं, कोथिंबीर कुडकुड मोडायला लागली.

"अगं, मी फ्रिज घेतला होता की उत्तर ध्रुव?" त्या भिंतीवरून मला ओरडून विचारायच्या.

नवरा बेलार्मिनो तेवढा खूश. आमच्याकडे बिअरची बाटली पांढऱ्या हिमाने नखशिखांत मढून निघाली की तिला नवरी म्हणतात, आणि डॉमिनो खेळणाऱ्यांना नवरीच लागते. हल्ली अख्ख्या गल्लीचा डॉमिनो बेलार्मिनोच्याच ओसरीवर.

शनिवारी नवा फ्लान आत ठेवण्याआधी बाईंनी सगळे कप्पे बाहेर काढले. मी विजेरी धरली. आत मागे थंडी जोखणारी एक बारीक तार असते. ती चापातून काढून वर बटणाच्या डबीत कोंबलेली होती. तारेला गारवाच कळेना, म्हणून फ्रिज बिचारा राबराब राबत होता.

"उंदराने ओढली असेल," मी म्हटलं.

बाईंनी तार चापात बसवली, दार लावलं. थोड्या वेळाने फ्रिज खट् करून गप्प झाला. कित्येक दिवसांनी ती शांतता! आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून चक्क नाचलो.

ओसरीवर सोंगट्या आपटायच्या थांबल्या. बेलार्मिनो ओरडला, "अगं ए, ती तार कुणी परत बसवली?"

तारेचं आम्ही त्याच्यापाशी नावही काढलं नव्हतं.

"ऐक," बाई मला म्हणाल्या, "उंदीर बोलला."

रविवारी फ्लान असा थुलथुलला की विहीणबाईंनी केकचं खोकं उघडलंच नाही. त्यांनी दुसऱ्यांदा बशी पुढे केली तेव्हा फिदेलिनाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाढायला, कमरेला एप्रन बांधून, उंदीरच उभा होता.