शिवा घाडींची दोन खाती

किशोरीला हिशेबाला ठेवलं तेव्हा मला वाटलं, गरीब गाय मिळाली. कसली गाय! महिनाभरात माझ्याच पेढीत मला दम देऊ लागली.

आमची पेढी जामसंड्यात. बागायतदारांचा आंबा आम्ही मुंबईला धाडतो आणि ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की यंदा सीएंनी हातच जोडले. त्याचंच नवं व्हर्जन घ्यायचं ठरलं. ही बातमी कशी कोण जाणे मिठबावला पोचली आणि आनंदीबाई घाडी धापा टाकत पेढीवर.

"नव्या मशीनीत तेंचा नाव येतला मां गो?"

'तेंचा' म्हणजे तिच्या नवऱ्याचं. तो जाऊन वर्षं झाली. पण त्याने दारात लावलेल्या कलमाचे आंबे ती अजून त्याच्याच खात्यावर घालते. पैसे आम्ही तिच्या हातात देतो, पण नाव त्याचंच हवं. किशोरी बेधडक म्हणाली, "येतला, आजये. माझो शब्द."

सॉफ्टवेअरवाला फोनवर म्हणाला, जुना डेटा थेट नव्यात उघडा, तासाभराचं काम. मी खूश! पण ही बया ऐकेल तर ना.

"उडी मारूची नाय, वैनी. मधली व्हर्जनां एक-एक करून चढूची. दर खेपेक आधी बॅकअप, मगे खाती मोजूची, बेरीज जुळवची."

"अगो, हंगाम तोंडावर इलो!"

"उतावळो नवरो, गुडघ्याक बाशिंग," म्हणाली आणि सगळा डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. जुन्याला मला हातही लावू देईना. राग आला मला, खोटं कशाला बोलू.

दोन व्हर्जनं सुरळीत चढली. तिसऱ्याला बेरीज जुळली, पण खातं एक कमी. मी कपाळाला हात लावला. किशोरीने मात्र दोन्ही याद्या शेजारी लावून बोट ठेवलं: शिवा ओंकार घाडी. आनंदीबाईचा नवरा. घाड्यांकडे आजोबाचं नाव नातवाला देतात, म्हणून या शिवाचा बाप ओंकार, मुलगाही ओंकार आणि नातू पुन्हा शिवा; नातवाचंही आमच्याकडे खातं. आजोबा-नातवाची नावं अगदी सारखी. जुन्या व्हर्जनला ते चालायचं, या व्हर्जनने दोघांचं एकच खातं करून टाकलं होतं.

सॉफ्टवेअरवाल्याला परत फोन केला. तो म्हणतो, "आजोबा वारलेत ना? मग नातवाचं ठेवा की."

"मेल्या, तुझां काय जाता!" मी फोनच आपटला.

किशोरी मात्र हसत होती. थेट उडी मारली असती तर हे कुठे बिनसलं ते शोधत बसलो असतो. तिने तिसऱ्याच्या आधीचा बॅकअप परत घातला, एका नावापुढे 'थोरलो' लिहिलं, दुसऱ्यापुढे 'धाकटो', आणि तिसरं व्हर्जन पुन्हा चढवलं. खाती पुरी! पुढची व्हर्जनंही तशीच, मोजून-जुळवून, शेवटच्यापर्यंत.

आनंदीबाई नातवाला घेऊन आली. किशोरीने स्क्रीन तिच्याकडे वळवला. म्हातारीला वाचता येत नाही आणि नवऱ्याचं नाव ती तोंडाने घेत नाही. नातवाने वाचून दाखवलं. तिने त्या ओळीवर हलकेच बोट टेकवलं. डोळे भरून आले तिचे, आणि माझेही.

"यंदा कलम मोहरान भरलाहा," ती म्हणाली. "तेंच्या नावार पेट्यो जास्त येतल्यो."

"येवंदेत, आजये," किशोरी म्हणाली. "जागा आसा."