हुरड्यात आलेलं कणीस

आमच्या प्रयोगशाळेच्या हरितगृहात बाहेरच्या माणसाला सहसा सोडत नाहीत. अप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, मी साहेबांच्या हातापाया पडून परवानगी काढली. लेक सोलापुरात बिनपाण्याची ज्वारी बनवते, असं ते मोहोळकडच्या आमच्या गावात सांगत सुटले होते. बिनपाण्याची कुठली! दुसऱ्या एका वनस्पतीतला जनुक आम्ही ज्वारीत घातला होता. पाण्याचा ताण ती थोडा जास्त सोसते का, एवढंच बघत होतो.

पांढरा कोट चढवल्यावर अप्पा नवरदेवासारखे मिरवायला लागले. माझा जीव मात्र टांगणीला. इथं हात लावू नका, तिथं टेकू नका. एवढं बजावून मी एका कुंडीकडे वळले, आणि मागे बघते तर त्यांनी परागकण इकडेतिकडे उडू नयेत म्हणून कणसावर चढवलेली कागदी पिशवी वर सरकवलेली. दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि टाकले तोंडात. हुरड्यात आलेलं कणीस दिसलं की आमच्याकडे हात आपोआप चालतो.

"थुंका! अप्पा, आधी थुंका!" मी किंचाळलेच.

ते चावायचे थांबले. एका गालात दाणे धरून म्हणाले, "इख हाय का काय ह्यात?"

"नाही हो!"

"मग गिळू?"

"नको!"

"अगं, मग हाय तरी काय?"

तपासण्या पुऱ्या होईपर्यंत दाणा कुणाच्या तोंडी जाता कामा नये, हा नियम. पण नियमासाठी कुणी असं किंचाळतं का? मला भीती वाटली होती. या ज्वारीला घाबरू नका, असं कॉलेजांमधून सांगत फिरणारी मी, आणि तो जनुकही मीच घातलेला. मग भीती कसली? आजही मला ते नीट सांगता येत नाही.

मी हात पुढे केला. ते मुकाट्याने त्यात थुंकले. साहेबांना कळवलं, बोलणी खाल्ली.

स्टँडवर गाडीत चढताना अप्पा म्हणाले, "गोड हुती गं." मग पायरीवरच थांबले. "लोक इचारत्यात, खायची का न्हाय. काय सांगू?"

"तपासण्या होऊ देत म्हणावं."

"त्यास्नी तसं सांगतो की. पर मला काय सांगतीस?"

मी काही बोलायच्या आत कंडक्टरने बेल मारली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाजही वाटली.

आई फोनवर सांगते, अप्पा हल्ली गावात माझ्या ज्वारीचं नाव काढत नाहीत.