एक पूर्णांक तीन अष्टमांश

"तिला काय विचारायचंय? ती नुसती चालवते."

हे माझ्याबद्दल होतं. मी तिथेच दहा पावलांवर, भिंतीकडे तोंड करून मागच्या चाकात हवा भरत होते. पंपाचा आवाज थांबला असता तर मी ऐकतेय हे त्यांना कळलं असतं, म्हणून टायर दगडासारखा झाला तरी मी भरतच राहिले.

सदाशिव पेठेतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमचा सायकल क्लब दर रविवारी सकाळी जमायचा. जमायचा म्हणजे खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचा आणि मग दोन तास त्याबद्दल बोलायचा. बोलण्यात पुढे असत ते क्लबचे संस्थापक, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणत. काका बँकेतून मुदतीआधी निवृत्त झाले होते. पार्किंगच्या भिंतीवर त्यांनी पांढरा फळा लावून घेतला होता. विमानप्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा ते कायम खिशात ठेवत, आणि येईल त्याची सायकल त्याला टांगून आकडा मोठ्यानं वाचत. बाकीचे सभासदही त्याच मापाचे. ग्रॅम वाचवायला कार्बनची बाटलीदाणी बसवायची आणि परतताना दोन प्लेट मिसळ खायची. त्यांच्यात बसून मी मिसळ खाल्ली नाही की, "अगं, खा गं, वाऱ्यानं उडशील" असं कोणीतरी म्हणायचंच. दर रविवारी. त्याच शब्दांत.

मी त्या क्लबात होते, कारण राज्याच्या निवड चाचणीच्या अर्जावर एखाद्या क्लबचा शिक्का लागतो.

माझी सायकल बीएमएक्स. वीस इंची चाकं, गिअर नाही, ब्रेक एकच, मागे. आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना अजून वाटतं की ती माझ्या धाकट्या भावाची आहे. मला भाऊ नाही. शर्यतीत आठ जणी एका फाटकाला चाकं टेकवून उभ्या राहतात, फाटक पडतं, मग मातीचे उंचवटे, वळणं, पुन्हा उंचवटे, आणि मिनिटाच्या आत सगळं संपतं. पण खरं तर ते त्याच्याही आधी संपलेलं असतं. फाटकापासून पहिल्या उंचवट्यापर्यंत जी पुढे गेली, तिला पुढे कोणी गाठत नाही. आदल्या वर्षी राज्याच्या चाचणीत मी एका जागेनं मागे राहिले, ती त्याच पट्ट्यात. पाय कमी पडले नाहीत. चाकं जड होती. फ्रेमचं वजन नुसतं वाहून न्यायचं असतं, पण चाकाच्या कडेचं वजन वाहायचंही असतं आणि प्रत्येक पॅडलला फिरवायचंही. हे मला कोणी शिकवलं नाही. आईच्या केकच्या काट्यावर मी जुनं चाक ठेवलं तेव्हा काट्यानं आकडा दाखवायचंच सोडून दिलं, तिथून मी वाचायला लागले.

तर या वर्षी मला हलकी चाकं हवी होती. बंगळुरूची एक मुलगी खेळ सोडत होती. तिच्या रिम, म्हणजे चाकाच्या बाहेरच्या कडा, आणि मधले हब मी मागवून घेतले. टायरही मी ठरवले होते. आमचा ट्रॅक मुरुमाचा, वळणावर भुसभुशीत, म्हणून पुढचा टायर थोडा रुंद, मागचा जरा अरुंद, दोन्ही घडी होणारे, हलके. ते इथे मिळत नाहीत. क्लबातला एक इंजिनिअर, हिंजवडीवाला, कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत चालला होता आणि दोन आठवड्यांनी परतणार होता. पुण्यात परदेशी सामान असंच येतं. कोणाच्या तरी बॅगेत. त्याला मी नावं आणि मापं एका कागदावर लिहून दिली. त्यानं तो कागद काकांना दाखवला. का, तर काकांना दाखवायचं असतं.

आणि मग काकांचं ते वाक्य.

मी शेवटी पंप खाली ठेवला, तेव्हा काका फळ्याशी उभे होते. माझी मापं त्यांनी खोडली होती. त्यांच्या जागी लिहिलं होतं, वीस गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश.

"हलक्या रायडरनं हेच लावायचं," काका म्हणाले. "सगळ्या जगात लावतात. मी व्हिडिओ पाहिलाय."

ते खोटं नव्हतं. याचाच मला आजही राग येतो. बारीक अंगाचे रायडर खरोखर ते सडपातळ टायर लावतात. पण ते वेगळ्या रिमवर. दोन्हींना वीस इंची म्हणतात, तरी टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास एकीचा चारशे सहा मिलिमीटर असतो आणि दुसरीचा चारशे एक्कावन्न. माझ्या रिम चारशे सहाच्या. हा आकडा माझ्या जुन्या टायरच्या कडेवर बारीक अक्षरात छापलेला आहे. कोणी वाकून पाहिला असता तर दिसला असता.

"काका, ते... ते साइझ डिफरंट आहे," मी म्हणाले.

"कसं काय डिफरंट? तू एक दशांश चिन्ह सात पाच लिहिलंस, हे एक पूर्णांक तीन अष्टमांश. सांग बरं, तीन अष्टमांश म्हणजे किती?"

अष्टमांश हा शब्द मला समजायला दोन क्षण लागले. मी अपूर्णांक इंग्रजीत शिकले.

"कॉन्व्हेंट," काका बाकीच्यांकडे बघून म्हणाले, आणि सगळे हसले. "थ्री बाय एट गं. डिव्हाइड कर."

"पॉइंट थ्री सेव्हन फाइव्ह."

"म्हणजे एक दशांश चिन्ह तीन सात पाच. तुझ्यापेक्षा बारीक, म्हणून हलका. चौथीचं गणित आहे. बघा, तिनंच सोडवून दिलं." त्यांनी फळ्यावर बरोबरची खूण केली. इंजिनिअरनं फळ्याचा फोटो काढला. "डन, काका. फोल्ड होतात, सो नो इश्यू. चार किलो जागा आहे बॅगेत."

चार वर्षं इंजिनिअरिंग केलेला माणूस. टायरची रुंदी आणि चाकाचा व्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला एकदाही सुचलं नाही. फळ्यावर होतं ना.

घरी येऊन मी त्याला मेसेज लिहायला घेतला. इंग्रजीत लिहिला तर उद्धट वाटला. इंग्रजीत 'अहो' कुठून आणणार? मराठीत लिहायला बसले तर काकांसमोर भाषण ठोकल्यासारखं वाटलं. मी तो खोडला. नंतरचे दोन आठवडे माझ्याकडे फोन होता, नंबर होता, वेळ होता. मी काही लिहिलं नाही. घाबरट आहे म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. पण खरं कारण त्याहून वाईट होतं. मला मजा येत होती. पंधरा शहाणे एकाच खड्ड्याकडे ओळीनं चालले होते आणि खड्डा कुठे आहे ते फक्त मला माहीत होतं. ते पडताना मला बघायचं होतं. त्या खड्ड्यात मीच पडणार होते, हे मी मोजलंच नाही. या बाबतीत मी काकांचीच शिष्या शोभले.

दरम्यान चाकं भरून घ्यायची होती. कसबा पेठेत एका बोळात एक चाचा आहेत, हबभोवती स्पोक गुंफून चाक उभं करणारे. त्यांचं घराणं तिथलंच, वडीलही हेच करायचे. दुकान इतकं अरुंद की चाक आडवं धरलं तर गिऱ्हाइकाला बाहेर उभं राहावं लागतं. मी रिम आणि हब पुढे केले. त्यांनी रिमवरून अंगठा फिरवला, जोड कुठे आहे तो पाहिला.

"शर्यतीचं दिसतंय. उड्या मारता?"

"हो."

"मोठ्या?"

"मोठ्या."

"वजन किती तुमचं? लाजू नका, मला काय करायचंय. स्पोकला सांगायचंय."

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, त्यावर कसलाही विनोद केला नाही, आणि मागच्या चाकाला कोणते स्पोक, पुढच्याला कोणते, ते मला विचारून ठरवलं. मला विचारून. मी उत्तरं देत होते आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता.

चाकं मंगळवारी तयार झाली. मी एक हातात घेऊन फिरवलं. कुठेही डुलत नव्हतं. ते फिरत राहिलं, फिरतच राहिलं.

इंजिनिअर बुधवारी आला. चाचणी रविवारी होती. गुरुवारी दुपारी मी जुनी सायकल घेऊन चाचांकडे गेले, तर ठरल्याप्रमाणे टायर घेऊन इंजिनिअर आणि त्याच्यासोबत काका आधीच पोचले होते, एखाद्या उद्घाटनाला आल्यासारखे. काकांनी टायरची घडी उलगडली, चाचांच्या हातात दिली आणि फोन काढून चित्रीकरण सुरू केलं.

चाचांनी टायर रिमवर ठेवला. तो रिमभोवती लोंबत राहिला. एका बाजूनं टेकवला तर दुसऱ्या बाजूला सरळ दोन बोटं जातील एवढी फट. चाचांनी एकदा टायरची कड पाहिली, एकदा रिम पाहिली, आणि टायर मांडीवर घेतला.

काकांनी फोन खाली केला. "हवा भरा, बसेल."

"हवेनं टायर लहान होत नाही, साहेब."

"मग रिम छोटी भरलीय तुम्ही."

"रिम भरत नाहीत, साहेब. स्पोक भरतात. रिम आली तशी आहे."

"म्हणजे रिमच नॉन-स्टँडर्ड आहे," काका इंजिनिअरला म्हणाले. "सेकंडहँड माल. मी म्हणालो होतो." ते तसं कधीच म्हणाले नव्हते. इंजिनिअर म्हणाला, "पॉसिबल आहे, काका. टायर तर ब्रँडेड आहेत."

"बांगडी सैल झाली म्हणून कोणी मनगट बदलत नाही," चाचा टायरची घडी घालत म्हणाले.

काकांनी ते ऐकलं नाही. त्यांचं ठरलं होतं. "असं करा, ही चाकं सोडून टाका, स्पोक काढा सगळे. रिम आपण दुसऱ्या मागवू, या टायरच्या मापाच्या. महिन्याभरात येतील. हिला काय घाई आहे? पुढच्या वर्षी जाईल चाचणीला. वय आहे अजून."

मी त्यांच्या पाठीमागे बोळात उभी होते. दुकानाच्या दारात दोघंच मावत होते, आणि ते दोघं मावले होते. माझं एक अख्खं वर्ष त्यांनी किती सहज पुढे ढकललं होतं, एखादी मीटिंग ढकलावी तसं. आणि चूक अजून त्यांच्यातल्या कोणाचीच झाली नव्हती. रिमची झाली होती, बंगळुरूच्या मुलीची झाली होती, आता चाचांची होत होती. मी बोलले नाही तर पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये ती गोष्ट तयार असणार होती. कसब्यातल्या एका म्हाताऱ्यानं चाकं कशी बिघडवली आणि काकांनी ती कशी वेळेत पकडली. फळ्यावर आकृतीसकट.

चाचांनी स्पोक फिरवायची छोटी किल्ली हातात घेतली होती, पण ती चाकाला लावली नव्हती. ते काकांच्या कोपराखालून माझ्याकडे बघत होते.

"सोडू का, बेटा?"

"सोडा, सोडा," काका म्हणाले.

जुन्या सायकलवरचे टायर जड होते, झिजलेले होते, पण ते त्याच मापाचे होते. नव्या चाकांवर ते दहा मिनिटांत बसले असते. अर्धं वजन तरी गेलं असतं. मी दोन आठवडे जे वाक्य मनात घोळवलं होतं त्यात खूप आकडे होते आणि ते फार हुशार होतं. त्यातलं काही आठवेना.

"सोडू नका," मी म्हणाले. आवाज चिरका आला, पण आला. "रिम बरोबर आहे. टायर चुकीचा मागवलाय. मला हे त्याच रविवारी माहीत होतं, आणि मी बोलले नाही, ती माझी चूक. चाचा, माझे जुने टायर काढून या चाकांवर चढवा, मला परवा सराव करायचाय. आणि काका, तुम्ही जरा दारातून बाजूला व्हा. त्यांना उजेड पाहिजे."