जपानी अँप्लिफायर आणि आक्काचे अनवाणी पाय

“बाई, फॉरेनचा माल हाय त्यो. त्याची कसली टेस्ट घेताय?” निपाणीचे मंडपवाले आप्पा माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बेळगावच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी इंजिनिअर होते. आप्पांनी तीन अँप्लिफायर आणले होते. दोन लोकल आणि एक जपानी, जहाजावरच्या मेव्हण्यानं आणलेला. त्याची किंमत ऐकून आमच्या साहेबांनी हात जोडायचेच बाकी ठेवले.

“लोकल दोन्ही तपासा. जपानी राहू दे, त्याला कंपनीचं सर्टिफिकेट आहे. आत काही जळलं तर भरून कोण देणार? तुम्ही?”

नोकरी नवीन होती. पण संध्याकाळी निपाणीत जयंती होती आणि त्याच मशीनवर माझी आक्का गाणार होती. आक्का जयंतीच्या फोटोपुढं चप्पल घालून कधी उभी राहत नसे. त्यात धूळ बसावी म्हणून पोरं मंडपभर पाणी मारायची. ओली जमीन, अनवाणी पाय आणि हातात धातूचा माईक!

जपानची वीज आपल्या निम्म्या दाबाची. म्हणून आप्पांनी मधे इथलाच एक ट्रान्सफॉर्मर जोडून घेतला होता. सर्टिफिकेट त्या जोडणीचं नव्हतं.

“साहेब, आधी हाच तपासायचा.”

“जबाबदारी?”

“माझी.”

मी मेगर लावला. करंट बाहेरच्या पत्र्यावर झिरपतो का, ते दाखवणारं हे यंत्र. काटा शून्यावर आला की माल धोक्याचा. हँडल फिरवलं. काटा सरळ शून्यावर जाऊन पडला. माईकच्या दांड्यावरही तेच.

आप्पा टेबलापासून मागं सरले. “आईशप्पथ! काल मीच धरलतो की त्यो माईक.”

“पायात काय होतं?”

“रबरी चप्पल.”

लोकल दोन्ही पास झाले, तेच टेम्पोत चढवले.

संध्याकाळी आक्का गायली. मशीन मीच तपासलेलं, तरी गाणं संपेपर्यंत माझा हात मेन स्विचवरून हलला नाही. खाली उतरल्या उतरल्या ती करवादली, “आवाज लई घोगरा आला गं. त्यो जपानी आणला असतास तर काय बिघडलं असतं?”

तिची पावलं चिखलानं भरली होती. मी म्हटलं, “ऱ्हायला आणायचा.”

पुढं लॅबमध्ये कसलाही भारी माल येवो, किंमत मी शेवटी विचारायची. आधी विचारायची, याला हात कोण लावणार?